उलथनं थांबलं तर ठेवायचं

दुसऱ्या बायकांचे नवरे बाईच्या नादी लागतात, बाटलीच्या लागतात, फार तर शेअर बाजाराच्या. वासंतीबाईंचा नवरा एका मेलेल्या डॉक्टरच्या नादी लागला होता. तो डॉक्टरही असातसा नाही. कधीच्या काळी मेलेला, परदेशातला, आणि औषध म्हणून लोकांना नुसतं पाणी पाजणारा. बाई असती तर वासंतीबाई तिच्या दारात जाऊन चार शब्द ऐकवून आल्या असत्या. बाटली असती तर मोरीत ओतली असती. मेलेल्या माणसाचं काय करणार? बरं, नवऱ्याला हटकावं तर तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "अगं, संशोधन चाललंय." जसं काही संशोधन करणाऱ्यानं स्वतःचं ताट उचललं तर पाप लागतं.

शरच्चंद्ररावांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि संध्याकाळी घरी जर्मनच्या शिकवण्या घेतल्या. शिकवणीची निम्मी पोरं त्या भाषेच्या जोरावर परदेशी जाऊन बसली. मास्तर त्यांना सोडायला लोहगावच्या विमानतळापर्यंत जात आणि रिक्षानं परत येत. घर चाललं ते वासंतीबाईंच्या भाजणीवर. ही बाई कोकणातून लग्न होऊन नारायण पेठेत आली तेव्हा जेमतेम चौथी शिकलेली होती. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. पण तिनं दोन खोल्यांत कढई मांडली, मुलगी शिकवली, आणि जुनं घर पाडून नवी इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरच्या तोंडाला फेस आणून तळमजल्यावर दुकानाचा गाळा पदरात पाडून घेतला. दुकानात पाटी आहे: 'भाजणी ताजी आहे का, असे विचारू नये. अपमान होतो. तुमचा.' मजकूर वासंतीबाईंचा, अक्षर मास्तरांचं.

निवृत्त झाल्यावर मास्तरांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मळकं जर्मन पुस्तक सापडलं. आन्सेल्म वाइडनर नावाच्या डॉक्टरनं आपल्या रोग्यांसाठी लिहिलेलं. लिंडेनक्वेल नावाच्या डोंगरातल्या गावी झरे होते आणि त्या झऱ्यांचं पाणी कसं प्यावं, किती प्यावं, कुणी प्यावं, हे त्यात होतं. मास्तर त्यावर लट्टू झाले. परदेशातल्या विद्यार्थ्यांना कामाला लावून त्यांनी वाइडनरची बाकीची पुस्तकं मिळवली, त्याच्या गावच्या चर्चमधल्या नोंदी मागवल्या, आणि त्याचं मराठीतून चरित्र लिहायला घेतलं.

"आमच्या गावाला पण गरम पाण्याची कुंडं होती," वासंतीबाईंनी तेव्हाच ऐकवलं होतं. "आई फडक्यात तांदूळ बांधून त्यात सोडायची. भात व्हायचा. पुस्तक नाही लिहिलं कुणी."

"त्यांच्यात कुणी वाइडनर नव्हता ना."

"होते की. पण त्यांना शेती होती."

असं असलं तरी त्या चरित्राचं एकही पान वासंतीबाईंशिवाय पुढे गेलं नाही. रीत अशी होती: दुपारी दुकान बंद झालं की त्या वर येऊन भाजणी भाजायला बसायच्या. तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, ज्वारी-बाजरी वेगळी, शेवटी धणे-जिरे. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवायचे. लोखंडी कढईत उलथनं खरखरत असायचं. वाचता वाचता ते उलथनं थांबलं, की मास्तर समासात बारीक खूण करायचे. ते पान ठेवायचं. नाही थांबलं तर कापायचं. मत विचारायचं नाही, द्यायचं नाही. एकदा मास्तरांनी विचारलं होतं, "कसं वाटलं?" तर वासंतीबाई म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि पुढचे आठ दिवस उलथनं एकदाही थांबलं नाही. मास्तर शहाणे झाले.

त्यामुळे वाइडनर वासंतीबाईंना शेजाऱ्यासारखा माहीत होता. विणकराचं पोर ते. मेणबत्तीला पैसे नाहीत म्हणून दुसऱ्याच्या खिडकीखाली उभं राहून शिकलेलं. लिंडेनक्वेलला आला तेव्हा तिथे चिखल आणि चार गाई. त्यानं पाण्याला शिस्त लावली. उजाडताना प्यायचं, उभ्यानं प्यायचं, घोटाघोटानं प्यायचं, पेला संपला की फेरी मारायची, मग दुसरा पेला. हळूहळू गाड्या येऊ लागल्या, सरदार आले, त्यांच्या बायका आल्या, बँड वाजू लागला. पाऊस आला तरी बँडवाले छत्र्या बांधून वाजवायचे, तिथे उलथनं थांबलं होतं. एका उमरावाच्या बायकोनं "पाण्याला वास येतो" म्हणून पेला त्याच्या अंगावर भिरकावला आणि त्यानं ओल्या कोटानंच दुसरा भरून पुढे केला, तिथेही थांबलं होतं. त्याची बायको तेरेझा. पाहुण्यांच्या खोल्या, चादरी, स्वयंपाक सगळं तिच्या अंगावर. हा लिहीत बसलेला. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या.

मग एका शरद ऋतूत ती गेली. "त्या दिवशीही डॉक्टर वाइडनर झऱ्यावर नेहमीच्या वेळी हजर होते," मास्तरांनी वाचलं.

उलथनं थांबलं.

"मेला," वासंतीबाई म्हणाल्या.

"नाही, अजून तो बरीच वर्षं..."

"तसं नाही म्हटलं मी."

मास्तरांनी समासात खूण केली.

हे सगळं चाललेलं असताना मागच्या हिवाळ्यात मास्तरांना जिना चढताना धाप लागू लागली. लिफ्ट होती, पण त्यांना जिना चढून दाखवायचा असायचा. तपासण्या झाल्या. हृदय फुगलंय, त्याची ताकद कमी झालीय, असं निघालं. गोळ्या आल्या, मीठ गेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पाणी मोजून. चहा, ताक, आमटी, सगळं धरून दिवसाला एक लिटर. त्यावर थेंब नाही. सकाळी बेताचं फिरायला मात्र हरकत नव्हती.

वासंतीबाईंनी त्याच दिवशी माळ्यावरून आपला माहेरचा तांब्या काढला. चिंचेनं घासला. रोज सकाळी तो भरून झाकून ठेवायचा आणि दिवसभर मास्तरांच्या तोंडात जे जाईल ते त्यातून. चहाला आधण त्यातलं, आमटीत वाढवायचं पाणी त्यातलं. संध्याकाळी तांब्यात तळाला उरलेलं पाणी त्या नवऱ्याला दाखवायच्या आणि स्वतःच्या हातानं द्यायच्या. मास्तर शहाण्या मुलासारखे पीत. "आपण आहात म्हणून मी आहे," असं एकदा म्हणालेसुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे 'आपण' कधी ऐकलं नव्हतं. वासंतीबाईंना तेव्हाच संशय यायला हवा होता.

फाल्गुन लागला आणि मास्तरांच्या चपलेचा पट्टा बसेना. "चप्पल आटली," ते म्हणाले. वासंतीबाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, धोतर वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. मळलेल्या कणकेत उमटावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काय खाल्लंत? लोणचं?"

"नाही."

"फरसाण? बाहेर कुठे?"

"अगं नाही. शपथ."

मिठाची शपथ खोटी नव्हती. म्हणून तर ती पचली. गोळी वाढवून आणली. रात्री दोन उशा लागायच्या त्या तीन झाल्या. वासंतीबाई तांब्यात आणखी दोन बोटं पाणी कमी भरू लागल्या. नवऱ्याचे ओठ सुकलेले बघून त्यांचा जीव तुटायचा, तरी हात सैल सोडला नाही.

नदीकाठच्या पुलाजवळ रतन फुलं विकते. दर महिन्याला ती भाजणी न्यायला येते. भाजणी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "काकू, सर किती नेमाचे हो. रोज उजाडायला पुलावर. एक घोट पाणी, मग डोळे मिटून उभे, मग परत घोट. बाटली झाली की एक फेरी, की नळावर भरून परत. मला वाटलं पूजाच आहे काही. मग म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं असंल."

वासंतीबाईंनी सुटे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. "डॉक्टरनंच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पण मेलेल्या."

रतन हसली. तिला वाटलं काकू नेहमीसारखं बोलल्या.

त्या दुपारी कढई चढली नाही. मास्तर कागद घेऊन दारात आले आणि चूल थंड बघून उभेच राहिले.

"बसा," वासंतीबाई म्हणाल्या. "आज मी वाचते. पुलावर उभ्यानं प्यायचं, घोटाघोटानं प्यायचं, बाटली संपली की फेरी मारायची. बरोबर वाचलं का? का काना-मात्रा चुकली?"

मास्तर खाली बसले. धाप लागल्यासारखे. लागलीच होती.

"आधी नुसतं बघायला म्हणून सुरू केलं," ते म्हणाले. "त्याच्या रोग्यांना काय वाटत असेल ते कळावं म्हणून. बरं वाटायचं गं. खरंच हलकं वाटायचं. मग हे दुखणं निघालं."

"मग थांबायचं."

"तहान लागते."

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"म्हणून," मास्तर म्हणाले. एवढं शिकलेला माणूस, आणि उत्तर काय, तर म्हणून.

वासंतीबाईंनी आरडाओरडा केला नाही. बाटली मागून घेतली, कचऱ्यात टाकली. तांब्या उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "रोज संध्याकाळी तळाचं पाणी तुम्हाला दाखवत होते मी. लाज नाही वाटली?"

"वाटायची."

"उद्यापासून पुलावर जायचं नाही."

"नाही जाणार."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वासंतीबाई दूध तापवत असताना, ते गेले. बाटली न घेता गेले, हे खरं. नुसतं उभं राहायला गेले असावेत. रतनचा फोन आला तेव्हा दूध उतू जात होतं. वासंतीबाई गॅस बंद करून घरातल्या सपातांवरच धावल्या. पुलाच्या कठड्याला टेकून मास्तर बसले होते. ओठ निळसर, छातीत घरघर, शेजारी रतन वर्तमानपत्रानं वारा घालतेय. त्यांनी बायकोकडे बघून दोन्ही हात वर केले. रिकामे आहेत, बघ.

"कळलं," वासंतीबाई म्हणाल्या. "बोलू नका. रिक्षा!"

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि वासंतीबाई बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या. मुलगी ऋचा वाघोलीहून निघाली होती, पण नगर रोडला गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. ती पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आल्या आल्या म्हणाली, "आई, तुझं लक्ष कुठे होतं? इतके दिवस बाबा पाणी पितायत आणि तुला पत्ता नाही?"

वासंतीबाईंना आयुष्यात कुणी उत्तर मागितलं आणि त्यांनी ते दिलं नाही, असं झालं नव्हतं. तेव्हा झालं. ऋचाच घाबरली, शेजारी बसून आईचा हात धरू लागली. वासंतीबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदर नीट केला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऋचापेक्षा लहानच असतील. "आजी, छातीत पाणी साठलं होतं, काढतोय आम्ही. ह्या वेळेला निभावलं. पण हृदय फार दमलंय त्यांचं. आधी जेवढं होतं तेवढं आता परत नाही येणार. दोन दिवसांनी घरी न्या, जपा. किती दिवस, ते मात्र विचारू नका."

"विचारलंय का मी?" वासंतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी असत्या तर भाजणीला बसल्या असत्या त्या वेळी, वासंतीबाई नवऱ्याच्या खाटेशी बसल्या होत्या. खाटेचा डोक्याकडचा भाग उभा केलेला. नाकाला नळी. पाणी जवळजवळ बंदच, तहान लागली तर बर्फाचा बारीकसा खडा जिभेवर ठेवायचा. वाटीत बर्फ होता आणि चमचा वासंतीबाईंच्या हातात. त्या उगाच चमच्यानं बर्फ खालीवर करत होत्या. स्टीलच्या वाटीत खरखर आवाज येत होता.

मास्तर तो आवाज ऐकत पडले होते. मग म्हणाले, "एक पान होतं."

"नंतर सांगा."

"नंतर नको. तू ऐकलंयस ते. संक्रांतीच्या सुमारास वाचलं होतं मी. पाणी कुणी पिऊ नये, ते पान."

वासंतीबाईंना आठवेना. नियमांची पानं पुष्कळ होती. ती वाचताना मास्तरांचा आवाजच असा सपाट व्हायचा, की कान आपोआप कढईकडे जायचा.

"ज्यांचे पाय सुजतात, ज्यांना उताणं झोपवत नाही, ज्यांना दोन-तीन उशा लागतात, अशांनी या झऱ्याकडे येऊ नये. आल्यास त्यांना माघारी पाठवावे. पाणी हे त्यांचे औषध नाही, पाणी हे त्यांचे मरण आहे." मास्तरांना ते पाठ होतं. मध्ये मध्ये थांबून, श्वास घेत त्यांनी ते म्हटलं. "असं लिहिलंय त्यानं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

चमचा फिरत राहिला.

"मी ते मुद्दाम वाचलं. म्हटलं, उलथनं थांबलं तर तुला सगळं सांगून टाकायचं. पूल, बाटली, सगळं. मनाशी ठरवून आलो होतो. थांबलं नाही. मग ते पान कापलं मी. आणि कापताना मला बरं वाटलं, वासंती."

इतक्या वर्षांत नवऱ्यानं त्यांना नावानं हाक मारल्याचं वासंतीबाईंना आठवत नव्हतं. पण त्यांना पहिल्यांदा आठवले ते धणे. संक्रांतीची भाजणी, मोठी मागणी, कढईत शेवटचे धणे. मिरचीच्या फोडणीसारखा नाकात वास चढलेला. आणि दारातून तो सपाट आवाज, सुजलेले पाय, उशा, माघारी पाठवावे. ऐकलं होतं तर. कानावरून गेलं होतं. हात थांबला असता तर घाणा करपला असता. एवढ्यासाठी. मूठभर धण्यांसाठी.

वासंतीबाईंनी बर्फ आणखी जोरानं खालीवर केला.

"धणे होते कढईत," त्या म्हणाल्या. "धणे कुणासाठी थांबत नाहीत."

"तुला दोष नाही देत मी."

"देऊन तर बघा."

मास्तर हसले. हसताना खोकला आला, तो जाईपर्यंत वासंतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं बोटांना लागत होती. हा माणूस केव्हा एवढा वाळला? पाय तेवढे फुगलेले, म्हणून ध्यानात आलं नाही.

"अजून एक आहे," श्वास बसल्यावर मास्तर म्हणाले. "ते मी लिहिलंच नाही. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्त्यांत हे पान नाही. पाणी सगळ्यांनी प्यावं, सगळ्या रोगांवर चालतं, असं आहे त्यांत. हे पान नंतर आलं. तेरेझा गेली, त्यानंतरची जी आवृत्ती निघाली तिच्यात. तिचं नाव कुठे नाही. बायकोबद्दल एक अक्षर त्यानं कधी लिहिलं नाही. नुसतं हे. पाय सुजलेल्यांना माघारी पाठवावे."

चमचा थांबला.

वाटीतला बर्फ जरासा सरकला आणि स्थिर झाला. बाहेर कुणाची तरी चाकाची खाट खडखडत गेली. मास्तर बायकोच्या हाताकडे बघत होते. समासात खूण करायला त्यांच्याजवळ पेन्सिल नव्हती. त्यांनी चादरीवर नखानं एक बारीक रेघ ओढली.

वासंतीबाईंच्या डोळ्यांसमोर ती बाई आली. दुसऱ्यांच्या चादरी धुणारी, सुजलेल्या पायांनी जिने चढणारी. नवरा सकाळी पेला भरून पुढे करतोय, आणि हुशार आहे, मोठा डॉक्टर आहे, पुस्तक लिहिलंय त्यानं, म्हणून ती पितेय. आणि ती गेली त्याच दिवशी हा झऱ्यावर हजर. आपण त्याला मेला म्हटलं होतं. तो शब्द परत घ्यावा असं त्यांना वाटेना. पण दुसरा एखादा शब्द त्याच्या शेजारी ठेवावा, असं वाटलं. तो काही सापडला नाही.

"त्या ऋचाला सांगते मी," त्या म्हणाल्या. "टेबलाखालच्या टोपलीत बघ म्हणून. टोपली कचऱ्यात ओतलेली नाही मी. तुमचे कागद मी टाकत नाही कधी. चिकटव म्हणावं ते पान, आणि हे आत्ताचं सांगितलंत तेही लिहून घे म्हणावं. शेवट तिथेच करा. पुढचं त्याचं म्हातारपण वगैरे नको."

"म्हणजे आवडलं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

मास्तरांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं, परीक्षेत पास झालेल्या पोराचं असतं तसं. ते बघितलं आणि वासंतीबाईंच्या आत जे काल सकाळपासून कोंडलेलं होतं त्याला वाट मिळाली. हा माणूस जाणार. आज नाही, उद्या नाही, पण जाणार, आणि असा सुखानं पान लावून, खूण करून जाणार. आणि आपण? आपल्याला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत. आपण त्याच्यामागे कुठे काय लिहून ठेवायचं? भाजणीच्या पुड्यावर?

"झोपू नका," त्या म्हणाल्या. "माझं ऐका आधी."

मास्तरांनी डोळे उघडले.

"तो डॉक्टर बरा म्हणायचा. बायको मेल्यावर का होईना, चूक कागदावर तरी घातलीन. नाव नाही घातलंन, तो त्याचा भेकडपणा. पण चार परक्या माणसांना तरी माघारी पाठवलंन. तुम्ही ते वाचलंत, पाठ केलंत, आणि कापलंत. माझ्या तांब्यातलं तळाचं पाणी रोज माझ्या हातून घेऊन प्यायलात, आणि पुलावर जाऊन परत प्यायलात. विद्वान आहात, पण माणूस खोटे निघालात. हे मी विसरायची नाही. तुम्ही गेलात तरी विसरायची नाही, आणि कुणी चांगलं बोलायला आलं तुमच्याबद्दल, तर त्याला हे सांगून मगच चहा देईन." त्यांनी चमच्यावर बर्फाचा खडा घेतला. "आता आ करा. विरघळतोय."